तीस अक्षरं

शुक्रवारी निघता निघता साहेब म्हणाले, सोमवारी पाच नावं दे,
कोटेशनचं सॉफ्टवेअर बसवायचंय.
पवईच्या सल्लागाराने पडद्यावर पाच चौकोन काढलेच होते,
प्रत्येकात एक पद, प्रत्येक पदाला एक बाण.
छान होते चौकोन. त्यांना बीपी नव्हतं,
साकीनाक्याच्या सिग्नलला ते अडकत नव्हते,
कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं.

आम्ही व्हॉल्व्ह विकतो.
पाणी, वाफ, आम्ल, म्हणाल ते अडवून दाखवतो,
फक्त भाव विचारला की आमचंच सगळं अडतं
दोन दिवस, कधी सहा.

विक्रीप्रमुखांचं नाव सगळ्यांनी सुचवलं.
मी लिहिलं, खोडलं.
गोड माणूस, पण गिऱ्हाइकाच्या गाडीकडे बघून किंमत सांगतो,
आणि गाडी कुठल्या रकान्यात भरणार?

त्याऐवजी अकाउंट्सच्या चेंदवणकर बाई,
ज्यांच्या टेबलाला वळसा घालून लोक कँटीनला जातात.
‘ही सूट कुणी दिली?’ दहा वर्षं लाल पेनाने एवढंच.
मला नाही म्हणणारं कुणीतरी हवं होतं.
आणि सावला, ज्याने मागच्या सॉफ्टवेअरला
तळोज्याहून येता येता व्हॉट्सअ‍ॅपवर शिव्या घातल्या होत्या, ग्रुपवर, चुकून.
शिव्या बाहेरून देण्यापेक्षा आत बसून दे, म्हटलं.
त्रिशा कोळंबकर तेवीस वर्षांची, का? का? विचारते,
तिसऱ्या ‘का’ला माणूस खरं बोलतो.
डिस्पॅचची फ्लोरी रेमेडियोस स्वतःच आली.
‘तुम्ही लिहिता ते पाठवते मी. मला कोण विचारणार?’

उरले परकार.
आठ महिन्यांनी निवृत्त. भाव त्यांच्या डोक्यात.
विचारलं तर खिडकीबाहेर गाळ्यांच्या पत्र्यांकडे बघत म्हणाले,
‘उरणच्या टाकीला तीन इंची द्यायचा नाही.
कागदावर बसतो, तिथे बसत नाही.
शहाण्णव साली मी रात्रभर बसलोय त्याच्यापाशी.’
मग बराच वेळ काही नाही.
मग, ‘हे सगळं मशीनला कळलं तर मी कशाला?’

याचं उत्तर सल्लागाराच्या अठराव्या स्लाइडवर होतं.
ते मी दिलं नाही.
दोन कटिंग सांगितले.

गुरुवारी ते आले, रबरबँड लावलेली रेक्झिनची डायरी घेऊन.
खोडलेले भाव, पुन्हा लिहिलेले भाव,
मध्येच बायकोच्या साखरेचे आकडे, उपाशीपोटी, जेवणानंतर.
त्रिशाने एकदा जेवणानंतरची साखर
फ्लँजच्या रकान्यात भरली.
परकार हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते.

नंतरचे सहा महिने सांगण्यासारखे नाहीत.
सावला आणि चेंदवणकर बाई नऊ दिवस बोलत नव्हते,
मधल्या मध्ये त्रिशा स्क्रीनशॉट नेऊन देत होती
लग्नघरातल्या निरोप्यासारखी.
सल्लागार एकदा म्हणाला, टीममध्ये घर्षण फार आहे.
फ्लोरी म्हणाली, मग काय, व्हॉल्व्ह फिरतो तो कशाने?

पहिलं कोटेशन एका नगरपालिकेचं, म्हणून मराठीत.
चार मिनिटांत निघालं.
फ्लोरीने वाचलं, ‘चार आठवडे? कुणाला फसवताय?’ अकरा केले.
बाईंनी सूट बघितली, पेन काढलं, टोपण परत लावलं.

तळाशी एक रकाना : तयार केले.
तीस अक्षरं मावतात.
आम्ही पाचही आडनावं भरायला बसलो, मावेनात.
त्रिशा म्हणाली, मशीन काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजतं.
‘रिकामं सोड,’ परकार म्हणाले,
‘गिऱ्हाईक भाव बघतं.’
आणि डायरीला रबरबँड लावायला लागले.

मी मोजलं, सवयीने.
परकार. एक काना धरून पाच.